बखर उड्डाणाची, रोजकीर्द ढगांची

१/
आपण येथे सहसा किल्ले, तह आणि मोहिमा यांविषयी बोलतो. आजचा धागा एका यंत्राविषयी आहे. १३ मे १९९८ रोजी अमेरिकेने 'नोआ-१५' नावाचा हवामान उपग्रह ध्रुवीय कक्षेत सोडला. दोन वर्षे चालावा या हिशेबाने तो बांधला होता. प्रत्यक्षात तो सत्तावीस वर्षे चालला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायमचा बंद करण्यात आला. वयाने तो माझ्याहून मोठा होता. त्याच्या जाण्याची बातमी मराठीत मला तरी कोठे वाचायला मिळाली नाही. म्हणून हे लेखन.

२/
त्याची माझी ओळख वसतिगृहाच्या गच्चीवर झाली. २०२४ च्या पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एका मैत्रिणीने ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या 'व्ही' आकारात जोडून अँटेना तयार केला आणि पेनड्राइव्हएवढा एक रेडिओ डोंगल लॅपटॉपला लावला. संध्याकाळी ठरल्या मिनिटाला खरखरीतून 'टिक-टॉक, टिक-टॉक' असा संथ ठेका ऐकू येऊ लागला आणि पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत गेली. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे चालला होता, त्यामुळे चित्र उलटे आले. तिने ते फिरवले, तेव्हा कोकणचा किनारा ओळखू आला. त्याच्या पश्चिमेला समुद्रावर मोसमी ढगांची रांग होती. या चित्रासाठी आम्ही कोणाची परवानगी घेतली नव्हती, कोणाला पैसे दिले नव्हते.

३/
मी ते चित्र विभागात दाखवले, तेव्हा एका प्राध्यापकांनी सहज विचारले, "हे विज्ञान झाले. यात इतिहास कुठे आहे?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा धागा म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: अवकाशयुगाचा इतिहास आपण बखरीसारखा लिहितो, आणि तो रोजकीर्दीसारखा वाचायला हवा.

४/
बखरीला पराक्रम लागतो, नायक लागतो, एक निर्णायक दिवस लागतो. रोजकीर्दीत तसे काही नसते. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी उघडल्या की दिवसामागून दिवसाचा जमाखर्च दिसतो: कोणाला काय दिले, कोठून काय आले. वाचायला ती रूक्ष असते. तरीही अठराव्या शतकातले दर, वेतने, दाने आणि दुष्काळ समजून घ्यायचे, तर बखरीपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते. उपग्रहाचे उड्डाण हा बखरीचा विषय आहे. उड्डाणानंतर रोज चौदा वेळा घडणारी प्रदक्षिणा ही रोजकीर्द आहे, आणि माझ्या मते इतिहासाचे खरे साधन तेथे आहे.

५/
आधी 'ध्रुवीय' म्हणजे काय ते पाहू. दूरदर्शनच्या बातम्यांत भारतावरचे ढग सरकताना दिसतात, ती चित्रे भूस्थिर उपग्रहाची असतात. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभा असल्यासारखा भासतो. त्याला ध्रुवप्रदेश नीट दिसत नाहीत. ध्रुवीय उपग्रह साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांजवळून जात पृथ्वीला उभा फेरा घालतो. एका फेऱ्यास सुमारे १०२ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याखाली पूर्वेकडे सुमारे पंचवीस अंश फिरलेली असते, म्हणून प्रत्येक फेऱ्यात त्याला नवा पट्टा दिसतो. दिवसाच्या चौदा फेऱ्यांत सारी पृथ्वी पाहून होते.

६/
या कक्षेत एक सुरेख युक्ती आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. या फुगवट्याच्या ओढीमुळे कक्षेचे प्रतल हळूहळू वळत जाते. कक्षेचा कल सुमारे ९८ ते ९९ अंश ठेवला, तर ते दिवसाला जवळजवळ एक अंश वळते. पृथ्वीही सूर्याभोवती रोज साधारण तेवढीच सरकते. त्यामुळे उपग्रह प्रत्येक ठिकाणी रोज सुमारे त्याच स्थानिक वेळी पोहोचतो. आजचे ढग आणि कालचे ढग एकाच घटकेला पाहिलेले असतात, म्हणून त्यांची तुलना करता येते. हिला सूर्यसमकालिक कक्षा म्हणतात. नोंद ठेवणाऱ्याने रोज ठरल्या वेळी वही उघडावी, तसाच हा नेम आहे.

७/
अशा कक्षेत उपग्रह सोडण्याचीही रीत वेगळी. पूर्वेकडे उड्डाण केले, तर पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग फुकट मिळतो. उत्तर-दक्षिण कक्षेसाठी त्या वेगाचा लाभ होत नाही. त्याऐवजी दक्षिणेला मोकळा समुद्र हवा, म्हणजे अग्निबाणाचे गळून पडणारे भाग वस्तीवर कोसळत नाहीत. म्हणून अमेरिकेने अशा कामासाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील व्हॅन्डेनबर्ग हा तळ प्रामुख्याने वापरला. आपल्या श्रीहरिकोट्याच्या दक्षिणेला श्रीलंका आहे. त्यामुळे पीएसएलव्हीला, जिच्या नावातच 'ध्रुवीय' हा शब्द आहे, वाटेत वळण घेऊन जावे लागते.

८/
आता इतिहासाकडे वळू. १ एप्रिल १९६० रोजी 'टायरॉस-१' हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह उडाला. वजन सुमारे १२२ किलो, आत दूरचित्रवाणीचे दोन कॅमेरे. तो ७८ दिवस चालला आणि त्याने सुमारे २३ हजार चित्रे पाठवली. त्याची कक्षा मात्र ध्रुवीय नव्हती. ४८ अंशांच्या कलामुळे उत्तरेचा आणि दक्षिणेचा बराच भाग त्याच्या दृष्टीबाहेर राहिला. शिवाय तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असल्याने कॅमेऱ्यांचे तोंड बराच काळ अवकाशाकडे असे. बखरीत टायरॉसला मानाचे पान आहे, आणि ते योग्यच आहे. पण रोजकीर्द अजून सुरू व्हायची होती.

९/
सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षेतून ढग पाहण्याचे काम प्रथम हाती घेतले, ते अमेरिकी लष्कराने, आणि तेही गुप्तपणे. हेरउपग्रहांकडे मोजकी फिल्म असे. सोव्हिएत भूमीवर ढग असताना ती खर्च झाली, तर सारी फेरी वाया जाई. म्हणून आधी आकाश निरभ्र आहे का हे पाहणारा उपग्रह हवा होता. २३ ऑगस्ट १९६२ रोजी तो यशस्वीरीत्या कक्षेत गेला. हा कार्यक्रम पुढे 'डीएमएसपी' या नावाने ओळखला गेला आणि त्याचे अस्तित्व १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत जाहीर झाले नव्हते. पाऊस कळावा यासाठी नव्हे, तर शत्रूचा प्रदेश स्वच्छ दिसावा यासाठी ही कक्षा प्रथम वापरली गेली, हे आपण विसरू नये.

१०/
त्याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. २५ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हवामानाच्या अंदाजासाठी सर्व राष्ट्रांनी सहकार्य करावे असे सुचवले. २० डिसेंबर १९६१ रोजी आमसभेने १७२१ क्रमांकाचा ठराव संमत केला आणि जागतिक हवामान संघटनेला या कामाची आखणी करण्यास सांगितले. त्यातून 'वर्ल्ड वेदर वॉच' ही योजना आकाराला आली. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही गट ढगांची माहिती वाटून घेण्यास राजी झाले. यात उदात्त हेतू होता, तशी प्रतिष्ठेची स्पर्धाही होती. वारा सीमा मानत नाही, या साध्या सत्याने दोघांनाही बांधले होते.

११/
वाटून घ्यायचे म्हणजे नेमके कसे? त्याचे उत्तर २१ डिसेंबर १९६३ रोजी उडालेल्या टायरॉस-८ मध्ये होते. त्यावर 'एपीटी', म्हणजे स्वयंचलित चित्रप्रक्षेपण, ही यंत्रणा प्रथम बसवली होती. उपग्रह चित्र काढी आणि ते लगेच खाली प्रसारित करी. साधा अँटेना, रेडिओ संच आणि चित्र छापणारे यंत्र असलेल्या कोणालाही ते घेता येई. संकेत कुलूपबंद नव्हता, वर्गणी नव्हती. महासत्तेचे महागडे यंत्र गरीब देशाच्या वेधशाळेला तिच्या डोक्यावरचे आकाश तत्काळ दाखवू लागले. आमच्या गच्चीवर वाजलेला 'टिक-टॉक' हा ठेका याच परंपरेतला.

१२/
आणि येथे मुंबई येते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी १९६३ मध्ये कुलाबा वेधशाळेत एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडण्यात आले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांनी त्याच्या कामाचे नेतृत्व केले आणि भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी त्यात मोठा वाटा उचलला. या मोहिमेच्या काळातच कुलाब्याला एपीटीचा ग्राहक संच बसला आणि भारतात उपग्रहाकडून थेट ढगचित्रे घेण्यास आरंभ झाला. तोवर अरबी समुद्रावरचे हवामान जहाजांच्या तुरळक संदेशांवरून ताडावे लागे. आता समुद्र स्वतःच आपले चित्र पाठवू लागला.

१३/
कुलाबा हे स्थळ योगायोगाने निवडले गेले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ही वेधशाळा स्थापन केली. १८४० च्या दशकापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजदाद होत असे. २ सप्टेंबर १८५९ रोजी तेथील सुई विलक्षण हलली आणि निरीक्षकांनी ते आकडे नेहमीप्रमाणे वहीत उतरवले. त्यांच्या दृष्टीने तो एक अस्वस्थ दिवस होता, इतकेच. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांनी त्याच नोंदींवरून १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तीव्रता मोजली. पुढे ट्रामच्या विजेचा उपद्रव नको म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला नेण्यात आली. जागा बदलली, पण नोंद खंडित झाली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

१४/
२८ ऑगस्ट १९६४ रोजी 'निंबस-१' उडाला. नागरी हवामान उपग्रहांपैकी सूर्यसमकालिक कक्षेतला हा पहिला. अग्निबाणाचा वरचा टप्पा हवा तितका वेळ पेटला नाही, त्यामुळे कक्षा वर्तुळाकार न होता लंबगोल झाली. २२ सप्टेंबरला सौरपट्ट्या फिरवणारी यंत्रणा अडकली आणि वीज संपून उपग्रह थांबला. एक महिनासुद्धा पुरा झाला नव्हता. बखरकार त्याची नोंद अर्ध्या यशात करील. पण त्या पंचवीस-सव्वीस दिवसांत त्याने दिवसा दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी आणि रात्री अवरक्त किरणांच्या साहाय्याने पृथ्वी पाहिली, आणि ती चित्रे फिल्मवर उतरवून ठेवण्यात आली.

१५/
१३ फेब्रुवारी १९६५ च्या सुमारे ४५० चित्रांतून टायरॉस-९ ने पृथ्वीवरील ढगांचे पहिले संपूर्ण चित्र दिले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी 'एस्सा-१' उडाला आणि प्रयोगाचे दिवस संपून नित्य सेवेचे दिवस सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत कोणता ना कोणता ध्रुवीय उपग्रह पृथ्वीचे ढग टिपतोच आहे. सत्तरीच्या घरात गेलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या बाळपणी पृथ्वीचे असे चित्र कोणी पाहिले नव्हते. त्यांच्या नातवंडांना त्याचे काही अप्रूपही उरलेले नाही. साठ वर्षांत अद्भुत गोष्ट नित्याची झाली, आणि नित्याच्या गोष्टीकडे इतिहासकारांचे दुर्लक्ष होते.

१६/
येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चित्र मिळाले म्हणजे माणूस वाचला, असे होत नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. हवामान उपग्रहांनी ते वादळ आधीच टिपले होते. पण धोका किती मोठा आहे, हे बेटांवरच्या आणि खाडीकाठच्या लोकांपर्यंत नीट पोहोचले नाही, आणि पोहोचले असते तरी आश्रयाला पक्की जागा जवळपास नव्हती. या शोकांतिकेने पुढच्या राजकारणालाही हादरा दिला. म्हणून 'परिचालन' या शब्दात मी किनाऱ्यावरचा भोंगा आणि निवाऱ्याची भिंत हीही धरते. आकाशातले टोक मजबूत आणि जमिनीवरचे टोक सैल असेल, तर मधली सारी मेहनत व्यर्थ जाते.

१७/
परिचालन रोज कसे चालते? नोआ मालिकेतील या उपग्रहांचे नियंत्रण मेरीलँड राज्यातील सूटलँड येथून होई. आज्ञा पाठवणारे आणि माहिती उतरवून घेणारे मोठे अँटेना अलास्कातील फेअरबँक्सजवळ आणि व्हर्जिनियातील वॉलप्स बेटावर होते. अलास्का का? प्रत्येक फेरी ध्रुवाजवळून जाते, म्हणून जितके उत्तरेला बसावे तितक्या अधिक फेऱ्या दिसतात. उपग्रह क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात साठवलेली माहिती खाली घ्यायची, विजेरीची अवस्था आणि तापमान पाहायचे, पुढच्या आज्ञा वर चढवायच्या. मग पुढची फेरी. नाताळ, रविवार, हिमवादळ, काहीही असो.

१८/
या नित्यकर्मात लहानशी चूक काय करते, त्याची दोन उदाहरणे देते. नोआ-१३ हा ९ ऑगस्ट १९९३ रोजी उडाला आणि दोन आठवड्यांत मुका झाला. चौकशीत असे अनुमान निघाले, की विजेरी भारित करणाऱ्या भागातील एक स्क्रू गरजेपेक्षा अधिक खोल गेला होता. त्यातून विद्युत्मार्ग भलतीकडे जुळला आणि विजेरीला वीज मिळणे थांबले. वर्षानुवर्षांचे श्रम एका स्क्रूच्या लांबीवर गेले.

१९/
दुसरे उदाहरण नोआ-१९ चे. ६ सप्टेंबर २००३ रोजी सनीवेल येथील लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात तो उभ्या स्थितीतून आडवा करत असताना गाड्यावरून सुमारे एक मीटर खाली जमिनीवर पडला. त्याला गाड्याशी जखडणारे २४ बोल्ट दुसऱ्या गटाने आधीच काढून नेले होते. त्याची नोंद कोणी केली नव्हती. फिरवणाऱ्या गटाने 'बोल्ट तपासले' अशा अर्थाची सही केली, तपासले मात्र नाहीत. दुरुस्तीला सुमारे १३.५ कोटी डॉलर लागले आणि तो ६ फेब्रुवारी २००९ रोजी एकदाचा उडाला. अपघाताचे मूळ यंत्रात नव्हते, खोट्या नोंदीत होते. दप्तर वाचणाऱ्यांना हे नवे नाही. आपल्याकडेही पाहणी न करता भरलेल्या रकान्यांनी कितीतरी अभ्यासकांना चकवले आहे.

२०/
म्हणजे रोजकीर्दही आंधळेपणाने मानायची नसते. तिचीही साधनचिकित्सा करावी लागते. १३ ऑक्टोबर १९७८ रोजी उडालेल्या टायरॉस-एन पासून वातावरणातील सूक्ष्म लहरी मोजून तापमान काढले जाऊ लागले. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी या नोंदी जोडून १९९० मध्ये पहिला अहवाल मांडला. त्यांच्या मालिकेत तापमानवाढ जवळजवळ दिसत नव्हती. हवामानबदल ही अफवा आहे असे म्हणणाऱ्यांनी ती मालिका वर्षानुवर्षे हाती धरली. उपग्रह खोटे बोलत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२१/
उपग्रह खोटे बोलत नव्हता, पण त्याची साक्ष नीट ऐकली गेली नव्हती. १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवले, की विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली सरकतात आणि त्यामुळे आकडे खोटी थंडी दाखवतात. २००५ मध्ये मिअर्स आणि वेंट्झ यांनी आणखी एक चूक शोधली. कक्षा सरकल्याने उपग्रह येण्याची स्थानिक वेळ बदलत जाते. तिची भरपाई करताना अधिकउणेचे चिन्हच उलटे पडले होते. दुरुस्तीनंतर तापमानवाढ स्पष्ट झाली. ठरल्या वेळी वही उघडणारा कारकून रोज थोडा उशिरा येऊ लागला होता, आणि ते वाचणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते. मोडी कागदावरची तारीख कोणत्या कालगणनेतली आहे हे आपण आधी तपासतो. हे कौशल्य त्याच जातीचे आहे.

२२/
आता निंबस-१ कडे परत येऊ. त्याची फिल्म दशकानुदशके डब्यांत पडून होती. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला १९६४ च्या ढगांचा काय उपयोग? ते चित्र दुसऱ्याच दिवशी शिळे झाले होते. पण समुद्रावरील बर्फाची अखंड उपग्रहनोंद १९७८ च्या अखेरीपासूनच उपलब्ध होती, आणि त्यामागे काय होते हे जाणण्याची निकड निर्माण झाली. तेव्हा कोलोरॅडोतील अमेरिकी राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्राच्या अभ्यासकांनी उत्तर कॅरोलिनातील ॲशव्हिल येथे ठेवलेली ती जुनी फिल्म मिळवली, चौकटीमागून चौकट स्कॅन केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सप्टेंबर १९६४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ सुमारे १ कोटी ९७ लाख चौरस किलोमीटर पसरला होता. अर्धवट ठरलेल्या मोहिमेने अर्धशतकानंतर असे दान दिले.

२३/
कुलाब्याची १८५९ ची वही आणि निंबसची १९६४ ची फिल्म शेजारी ठेवून पाहा. दोन्ही नोंदी करणाऱ्यांना आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पना नव्हती. दोन्ही तात्कालिक कामासाठी होत्या. दोन्ही रद्दीत जाऊ शकल्या असत्या. त्या टिकल्या, कारण कोणीतरी कपाट रिकामे करण्याचा मोह टाळला. इतिहास घडवणाऱ्यांच्या यादीत मी त्या अनाम व्यक्तीला प्रक्षेपणाची कळ दाबणाऱ्याच्या बरोबरीने बसवते.

२४/
हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. २०२५ च्या जून ते ऑगस्ट या काळात नोआ-१८, नोआ-१९ आणि नोआ-१५ एकामागून एक बंद झाले आणि १९६३ पासून चालत आलेली एपीटीची परंपरा संपली. रशियाचे मेटिओर-एम उपग्रह अंकीय स्वरूपात गच्चीवरच्या अँटेनाला अजून प्रतिसाद देतात. अमेरिकेचे नवे उपग्रह कितीतरी सूक्ष्म चित्रे खुलेपणाने प्रसारित करतात, परंतु ती थेट घ्यायला उपग्रहाचा मागोवा घेणारी तबकडी लागते. गुणवत्ता वाढली, यात शंका नाही. पण साध्या कांड्यांनी आकाशाशी जोडले जाण्याची वाट अरुंद झाली.

२५/
त्याच जूनमध्ये आणखी एक घटना घडली. डीएमएसपी उपग्रहांची सूक्ष्मलहरींची माहिती महिनाअखेरीस थांबणार, अशी सूचना अवघ्या काही दिवसांच्या मुदतीने निघाली. समुद्रावरील बर्फाची चाळीसहून अधिक वर्षांची मालिका या माहितीवर उभी होती. रात्रीच्या अंधारातही चक्रीवादळाची आतली रचना दाखवणारे साधन हेच. ओरड झाली, मुदत महिन्याने वाढली आणि शेवटी माहिती देणे चालू ठेवण्याचा निर्णय झाला. उपग्रह वर ठणठणीत होते. खाली एक निर्णय झाला असता, तर नोंद तुटली असती. उड्डाण फसले तर जगाला कळते. नोंद बंद पडली, तर जो ती रोज वाचतो त्यालाच कळते.

२६/
प्राध्यापकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. इतिहास उड्डाणाच्या दिवशी थोडा घडतो आणि त्यानंतरच्या हजारो अनामिक फेऱ्यांत पुष्कळ घडतो. चालवणे, वाटणे आणि जपणे ही तीन कामे आहेत. पहिले अभियंत्यांचे, दुसरे राज्यकर्त्यांचे. तिसऱ्यात आपला, म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहे, आणि तो आपण अजून उचललेला नाही. एकविसाव्या शतकातील दुष्काळ, पूर आणि स्थलांतरे यांचा इतिहास पुढे कोणी लिहील, तेव्हा त्याला मोडीइतकीच उपग्रहाची नोंद वाचता यावी लागेल. आपल्या विभागांत हे शिक्षण आजपासून का देऊ नये?

२७/
आकाशाकडे जाण्याआधी गावापासून आरंभ करता येईल. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत, जुन्या शाळेत, साखर कारखान्यात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी पर्जन्यमापकाची जुनी वही असू शकते. असेल तर ती रद्दीत जाण्याआधी पाहा, मालकाची संमती घेऊन पानांची छायाचित्रे काढा, कोणी आणि कोठे मोजले ते त्यासोबत लिहून ठेवा. उपग्रहाने वरून पाहिलेल्या ढगातून खाली किती पाऊस पडला, याची साक्ष त्या वहीत आहे. दोन्ही साक्षी जुळवल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही.

२८/
नोआ-१५ अजून वर फिरतो आहे. त्याच्यात इंजिन चालवून खाली उतरण्याची सोय नाही, त्यामुळे तो दीर्घकाळ तेथेच राहील, रोज चौदा फेऱ्या घालत, एक शब्दही न बोलता. त्याने पाठवलेल्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी मात्र खाली आपल्याजवळ आहेत. आमच्या त्या संध्याकाळच्या चित्राची फाइल मी तारीख, वेळ आणि स्थळ लिहून दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. अशी एखादी जुनी वही तुमच्या पाहण्यात आली असेल, तर खाली जरूर लिहा.